कार्डापासून अल्बमपर्यंत: नागपूरच्या फोटोग्राफरने एडिटिंग कसं शिकावं

एडिटिंग शिकायचं ठरलं की बहुतेक जण आधी सॉफ्टवेअरचे मेन्यू पाठ करायला लागतात. डावीकडची टूल वरून खाली, मग उजवीकडचे पॅनल, मग ‘पन्नास भन्नाट ट्रिक’वाले व्हिडिओ. महिन्याभराने लासोचे सगळे प्रकार तोंडपाठ होतात, पण समोर हळदीचे आठशे फोटो आले की हात तिथेच थबकतो. कारण सुरुवात कुठून करायची, हे कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. स्वतः काढलेलं एक काम घ्यायचं आणि ते कार्ड कॉम्प्युटरला लावण्यापासून पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, हाती देईपर्यंत पुरं करायचं. वाटेत जे टूल लागेल तेवढंच शिकायचं. फोटोंसाठी मी हळद धरली आहे आणि व्हिडिओसाठी मारबतीची मिरवणूक. नागपुरात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला दोन्ही चुकत नाहीत, आणि उजेडाचे जितके घोळ असतात ते जवळपास सगळे या दोन कामांत सापडतात.

सॉफ्टवेअर आणि मशीन

यावर फार वेळ घालवू नका. फोटोसाठी लाइटरूम क्लासिक आणि फोटोशॉप, व्हिडिओसाठी दाविंची रिझॉल्व्ह. लाइटरूमचं भाडं परवडत नसेल तर डार्कटेबल मोफत आहे. ते थोडं रुक्ष वाटतं, पण कामात कमी पडत नाही. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती 3840 बाय 2160 पर्यंतचा व्हिडिओ काढून देते, शिकणाऱ्याला त्याहून जास्त लागत नाही. पैसे भरून मिळणाऱ्या गोष्टींपैकी खरी चुटपुट लावणारी एकच, व्हिडिओतला नॉइज (कमी उजेडात येणारे रवाळ ठिपके) कमी करायची सोय. लग्नाच्या व्हिडिओत आपल्याकडे एडियस आणि प्रीमियर अजून जोरात चालतात. एखाद्या स्टुडिओत कामाला लागायचं असेल तर तिथे जे आहे ते शिका. एक नीट आलं की दुसरं अंगवळणी पडायला वेळ लागत नाही.

क्रॅक आवृत्तीच्या वाटेला जाऊ नका. नीतीचं प्रवचन बाजूला ठेवू, धंद्याचं सांगतो. ज्या मशीनवर लोकांच्या लग्नाचे परत कधीच न काढता येणारे फोटो आहेत, त्या मशीनवर कुठून तरी उतरवलेली अनोळखी फाइल चालवणं म्हणजे घराची किल्ली चौकात टांगणं.

मशीनला 16 जीबी रॅम आणि एसएसडी हवीच. रिझॉल्व्ह चालवायचं तर स्वतंत्र ग्राफिक कार्डही. मॉनिटरच्या बाबतीत मात्र हात आखडू नका. आयपीएस पॅनल घ्या आणि चार-पाच मित्रांत मिळून एक कॅलिब्रेटर (मॉनिटरचे रंग मोजून जुळवणारं यंत्र) विकत घ्या. तो महिन्यातून एकदाच लागतो, त्यामुळे हातोहात फिरवता येतो. व्हाइट पॉइंट डी65, गॅमा 2.2 आणि उजेड 100 ते 120 निटच्या आसपास. नवा मॉनिटर याहून कितीतरी जास्त उजेडाचा येतो. ‘लॅबवाल्याने प्रिंट काळी काढली’ ही तक्रार ऐकली की मी आधी त्या माणसाच्या मॉनिटरचा ब्राइटनेस बघतो.

आता नागपूरची म्हणून एक गोष्ट. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना लॅपटॉप तापून स्वतःचा वेग आपणच कमी करतो. दिवसा फोटो निवडा, रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढणं, रात्री लावा. आणि कॉम्प्युटर कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ती हवा थंड असते तशीच ओलीही असते. ओलावा ना मशीनला चांगला, ना शेजारी ठेवलेल्या लेन्सला.

कार्ड रिकामं करण्याआधी

घरी आल्यावर पहिलं काम, कार्डाच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर. दोन्हीकडचे चार-सहा फोटो उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. फोल्डरला आधी वर्ष, मग महिना, मग तारीख आणि शेवटी कामाचं नाव द्या, म्हणजे ती आपोआप ओळीने लागतात. नावं इंग्रजी अक्षरांतच ठेवा. काही लॅबच्या मशीनवर देवनागरी नावाची फाइल उघडताना कटकट होते.

मग लाइटरूम उघडायचं आणि फोटो ‘अ‍ॅड’ करायचे. इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या. लाइटरूम तुमचा मूळ फोटो बदलत नाही. तुम्ही केलेले बदल ते कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि फोटो डिस्कवर कुठे आहे तेवढं लक्षात ठेवतं. त्यामुळे बाहेरून फोल्डर हलवलं की लाइटरूममध्ये त्यावर प्रश्नचिन्ह येतं आणि नवखा माणूस घाबरतो. फोटो गेलेले नसतात. फोल्डरवर राइट क्लिक करून नवी जागा दाखवली की सगळं परत येतं. फोल्डर हलवायचंच असेल तर लाइटरूमच्या आतूनच हलवा.

लग्नात दोन कॅमेरे असतील तर आणखी एक काम लगेच उरकून घ्या. दोघांची घड्याळं क्वचितच जुळतात. एकाच क्षणाचे, म्हणजे अक्षता पडतानाचे वगैरे, दोन्हीकडचे फोटो शोधा. दुसऱ्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडा आणि मेटाडेटा मेन्यूतून कॅप्चर टाइम तेवढ्या फरकाने पुढे-मागे करा. हे राहिलं तर अल्बम लावताना सप्तपदी आधी आणि अंतरपाट नंतर येतो.

निवड

कॅप्स लॉक चालू ठेवा. पी दाबलं की फोटो निवडला जातो, एक्स दाबलं की नाकारला जातो, आणि कॅप्स लॉकमुळे पुढचा फोटो आपोआप समोर येतो. पहिल्या फेरीत फक्त नाकारा: डोळे मिटलेले, हललेले, फोकस मागच्या खुर्चीवर गेलेला. दुसऱ्या फेरीत निवडा. एका प्रसंगाचे सात सारखे फोटो पार्टीला देण्यात काही मोठेपणा नाही, उलट तेच निवडत बसतात आणि अल्बम चार महिने लांबतो.

स्टेजवरच्या ग्रुप फोटोंत मात्र हात राखून नाकारा. फोटो तुमच्या दृष्टीने फसलेला असेल, पण त्यात एखादी आजी असेल जिचा दुसरा फोटोच नाही.

हळदीचा एक फोटो, पहिल्यापासून शेवटपर्यंत

हा भाग सावकाश वाचा, आणि जमलं तर स्वतःचा एक रॉ फोटो (कॅमेऱ्याची न दाबलेली मूळ फाइल) समोर उघडा. जेपेगवर हे नीट होणार नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिट रॉमध्ये 16384. ओढाताण सोसायला ती जागा लागते.

चित्र असं आहे. दुपारचे बारा, अंगणात पिवळ्या कापडाचा मांडव. ऊन कापडातून गाळून खाली येतंय, त्यामुळे माणसं, भिंत, पाट सगळंच पिवळं. नवरदेव पांढऱ्या बनियनवर बसलाय, गालाला हळद, मागे आंब्याच्या पानांचं तोरण. मांडवाच्या फटीतून उन्हाचा एक कवडसा त्याच्या खांद्यावर पडलाय.

पहिलं काम व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे पांढरं ते पांढरं दिसेल असा रंग बसवायचं. डब्ल्यू दाबून ड्रॉपर घ्या आणि बनियनवर टेका. आकडा समजा 5200 वरून 3900 वर येईल, बनियन पांढरी होईल आणि फोटो मेला असं वाटेल. हळद लिंबासारखी फिकी, भिंत निळसर. कारण उघड आहे. पिवळ्या मांडवाखालची पांढरी बनियन तिथे बसलेल्या प्रत्येकाला थोडी पिवळीच दिसत होती. ती पिवळाई पूर्ण काढली की मांडवच काढून टाकल्यासारखं होतं. म्हणून ड्रॉपरने दिलेला आकडा एका टोकाची खूण समजा आणि अर्ध्यावर थांबा, या फोटोत 4500 च्या आसपास. मग टिंट बघा. तोरणाची आणि झाडांची हिरवी झाक चेहऱ्यावर आली असेल तर मॅजेंटाकडे सहा-आठ घर सरका.

दुसरं, उजेड. एक्सपोजर सरकवताना नजर चेहऱ्यावर ठेवा, हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) नाही. जे दाबलं की जळालेला भाग लाल दिसतो. खांद्यावरचा कवडसा लाल झाला असेल तर हायलाइट उणे 60 पर्यंत ओढून बघा. आला तर ठीक, नाही आला तर सोडून द्या. उन्हाचा कवडसा थोडा जळालेलाच बरा दिसतो. यानंतर ऑल्ट दाबून व्हाइट्सचा स्लायडर हलवा. काळ्या पडद्यावर पहिले ठिपके दिसले की हात थांबवा. ब्लॅक्सचंही तसंच, फक्त पडदा पांढरा असतो. शॅडो उचलायचा मोह आवरा. सावली पूर्ण उघडली की फोटो मोबाइलने काढल्यासारखा सपाट होतो.

तिसरं, रंग. कलर मिक्सरमध्ये पिवळ्याचा ह्यू (रंगाची छटा) उणे आठ करा, म्हणजे हिरवट पिवळं थोडं केशरीकडे येईल आणि हळद हळदीसारखी दिसेल. पिवळ्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) उणे पंधरा. केशरी म्हणजे त्वचा, त्याला फार हात लावायचा नाही. ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजेड) फार तर अधिक पाच. क्लॅरिटी आणि डीहेज चेहऱ्याच्या फोटोत शून्यावरच राहू द्या.

चौथं, मास्क. मास्किंगमध्ये माणूस निवडा, त्यात फक्त चेहऱ्याची त्वचा. एक्सपोजर अधिक 0.20, टेम्परेचर उणे पाच-सहा. मांडवाची पिवळाई चेहऱ्यावरून थोडी उतरते आणि मागे तशीच राहते. अर्ध्यावर थांबलो त्याचा फायदा इथे मिळतो.

शेवटी बॅकस्लॅश दाबून आधीचं आणि आताचं बघा, आणि फोटो अगदी लहान करून बघा. लहान आकारात चेहरा आधी दिसला पाहिजे. मांडव आधी दिसत असेल तर मांडवाचा उजेड कमी करा.

आता उरलेले फोटो. सगळे निवडून सिंक मारू नका, म्हणजे एका फोटोचे बदल एकदम सगळ्यांवर उतरवू नका. आधी उजेडाप्रमाणे गट पाडा: मांडवाखालचे, अंगणातले, घरातल्या ट्यूबलाइटचे. प्रत्येक गटातला एक फोटो असा तयार करा आणि तो त्याच गटावर सिंक करा. चेहऱ्याचा मास्कही सिंक होतो, लाइटरूम प्रत्येक फोटोत चेहरा नव्याने शोधतं. त्यानंतर फोटोमागे फक्त एक्सपोजरचा थोडा हात फिरवावा लागतो. विकत घेतलेले प्रीसेट (तयार सेटिंग) इथेच फसतात. ते कोणत्या तरी थंड देशातल्या मऊ उजेडात बनवलेले असतात, आपल्या उन्हात माणसं थेट विटकरी दिसायला लागतात.

“भाऊ, नवरीला जरा गोरी करून द्या”

हे वाक्य ऐकलं नाही असा फोटोग्राफर नागपुरात सापडायचा नाही. वाद घालण्यापेक्षा त्यामागचं तंत्र समजून घ्या.

व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेक्टरस्कोप नावाचा एक गोल आलेख असतो आणि त्यात त्वचेची एक तिरकी रेघ दाखवता येते. गोरा, सावळा, काळा, कुठल्याही माणसाची नैसर्गिक त्वचा त्या रेघेच्या आसपासच पडते. म्हणजे ह्यू साधारण एकच असतो, फरक पडतो तो मुख्यतः उजेडाचा. ‘गोरं’ करताना लोक केशरीचा ल्युमिनन्स चढवतात आणि सॅच्युरेशन काढून घेतात. त्वचा रेघेवरून ढळते आणि राखाडी होते. वर आणखी एक घोटाळा होतो, चेहरा पिठासारखा आणि मेंदीचा हात सावळाच. अल्बममध्ये ते कोणाच्याही नजरेला येतं.

त्यापेक्षा हे करा. चेहऱ्याचा उजेड पाव स्टॉपने (एक्सपोजर अधिक 0.25) वाढवा आणि पाठीमागचा उजेड तेवढाच कमी करा. रंगाला हात लावू नका. चेहरा उजळ दिसतो, माणूस तोच राहतो, आणि पार्टीही खूश होते. सावळ्या त्वचेचं सौंदर्य गालाच्या हाडावर आणि कपाळावर पडणाऱ्या चमकेत असतं. पावडर मारल्यासारखी ती चमक पुसली तर खाली काही उरत नाही. माझं मत विचाराल तर एडिटरचा हात किती तयार आहे हे सावळ्या नवरीच्या फोटोवरून कळतं.

फोटोशॉप: चार गोष्टी पुरेत

सगळे फोटो फोटोशॉपमध्ये न्यायचे नसतात. अल्बमच्या मोठ्या पानांवर जाणारे निवडक तेवढेच न्या. तिथे आधी लेयर आणि मास्क पक्के करा. मास्कवर पांढरं म्हणजे दिसतं, काळं म्हणजे झाकतं. हे हातात बसलं की अर्धं फोटोशॉप आलं.

दुसरी गोष्ट हीलिंग ब्रश, आणि तो नेहमी रिकाम्या लेयरवर. वर सॅम्पलच्या पर्यायात ‘करंट अँड बिलो’ निवडा, म्हणजे मूळ फोटोला धक्का लागत नाही. काय पुसायचं याचा रिटचिंगमधला जुना नियम चांगला आहे: पंधरा दिवसांत आपोआप जाणारं पुसा, जन्मभर राहणारं ठेवा. पुटकुळी जाते, तीळ राहतो.

तिसरी, डॉज आणि बर्न, म्हणजे जागोजागी उजळ आणि गडद करणं. दोन कर्व्हज लेयर घ्या, एकाची रेघ मधोमध थोडी वर, दुसऱ्याची खाली. कंट्रोल आय दाबून दोन्ही मास्क काळे करा. मग मऊ पांढरा ब्रश, फ्लो दोन-तीन टक्के, आणि डोळ्यांखालची सावली, कपाळावरचे डाग हळूहळू समतोल करा. त्वचा गुळगुळीत करणाऱ्या रेडीमेड फिल्टरने पाच सेकंदांत काम होतं हे खरं, पण माणूस मेणाचा होतो.

चौथी गोष्ट मजकुराची, आणि ती खास आपली आहे. फोटोशॉपमध्ये मराठी टाइप केलं की वेलांट्या उलट्या पडतात, जोडाक्षरं फुटतात, म्हणून अनेक डिझायनर आजही जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टवर अडकून पडलेत. गरज नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात जाऊन मध्यपूर्व आणि दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडा. नव्या आवृत्त्यांत तो ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ या नावाने दिसतो. फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा आणि नवीन फाइलमध्ये टाइप करा. परिच्छेदाच्या पॅनलच्या मेन्यूतही वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडलेला आहे ना, ते बघा. ‘श्री’, ‘चिरंजीव’, ‘सौभाग्यकांक्षिणी’ नीट उमटतील. फॉन्ट मोफत आहेत: मजकुरासाठी मुक्ता, नावांसाठी टिरो देवनागरी मराठी. टिरोत ल आणि श मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. पत्रिकेत आणि अल्बममध्ये हा फरक घरच्या मोठ्यांच्या लगेच लक्षात येतो.

अल्बमची शीट 12 बाय 36 इंच धरली तर 300 डीपीआयला 3600 बाय 10800 पिक्सेल होतात. मधल्या घडीवर चेहरा येऊ देऊ नका. कडेने अर्धा इंच मोकळा सोडा, लॅब कापताना तेवढं जाऊ शकतं. लॅबने वेगळं सांगितलं नसेल तर एसआरजीबीमध्ये जेपेग द्या. पूर्ण अल्बम टाकण्याआधी एक पान छापून बघा. बर्डीवर जाऊन हे काम तासाभरात होतं आणि अख्खा अल्बम परत करण्याची पाळी येत नाही. लॅबमध्ये गेलात की एखाद्या जुन्या अल्बम डिझायनरशेजारी थोडा वेळ बसा. त्याची बोटं कोणत्या कीवर पडतात तेवढं नुसतं बघा.

सरावाच्या जागा

लग्नसराई नसेल तेव्हा शहरच सरावाचं रान आहे. फुटाळ्यावर सूर्यास्ताला पाण्याकडे तोंड करून उभं राहा आणि आकाश न जळता माणूस उजळून दाखवा. आकाशाचा मास्क शिकायला याहून चांगली जागा नाही. दीक्षाभूमीचा पांढरा घुमट भर उन्हात काढा आणि पांढऱ्यातला पोत टिकवून दाखवा. इतवारीच्या गल्लीत संध्याकाळी एका दुकानात पिवळा बल्ब, शेजारी पांढरा एलईडी आणि वर निळं आभाळ असतं, तिथे मिश्र उजेड शिका. पेंचमध्ये पहाटेच्या सफारीत आयएसओ चढतोच, तेव्हा नॉइज काढताना वाघाच्या मिशा शाबूत ठेवायचा सराव होतो. वाघ दिसला तर!

मारबतीचा व्हिडिओ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे, हे सगळे मोठाले पुतळे. गर्दी, ढोल, ‘घेऊन जा गे मारबत’च्या आरोळ्या, महाल-इतवारीतल्या अरुंद गल्ल्या. व्हिडिओ एडिटिंग शिकायला याहून भरगच्च मसाला नाही, आणि कोणतीही पार्टी डोक्यावर बसलेली नसते.

शूट करतानाच एडिटिंग सुरू होतं. फ्रेम रेट 25, शटर 1/50. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे 1/50 किंवा 1/100 ला दिवे सहसा लपलपत नाहीत. लग्नाच्या हॉलमध्येही हेच लक्षात ठेवा. स्लो मोशन हवं तिथे 50 फ्रेमने शूट करा, 25 च्या टाइमलाइनवर तो निम्म्या वेगाने गुळगुळीत चालतो. उन्हात 1/50 शटर सांभाळायला एनडी फिल्टर (उजेड अडवणारी लेन्ससमोरची काच) लागेल. बडग्यांवरच्या पाट्या हे त्या दिवसाचं खरं खाद्य, चालू घडामोडींवरचे टोमणे त्यांवरच असतात. पाटी मनात दोनदा सावकाश वाचून होईपर्यंत कॅमेरा हलवू नका, नाहीतर टाइमलाइनवर ती वाचताच येत नाही.

रिझॉल्व्ह उघडल्यावर आधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये 25 फ्रेम करा, मगच क्लिप आत आणा. क्लिप आल्यावर तिथला आकडा बदलता येत नाही. मशीन अडखळत असेल तर प्रॉक्सी बनवा. हलक्या प्रतींवर कापाकापी होते आणि शेवटी मूळ फाइलमधून व्हिडिओ निघतो.

मग क्लिपा बघा, सगळ्या, शेवटपर्यंत. हे कंटाळवाणं आहे आणि याला पळवाट नाही. जे, के, एल या तीन कीवर बोटं ठेवा: मागे, थांब, पुढे. एल दोनदा दाबलं की दुप्पट वेग. आय आणि ओने कामाचा तुकडा निवडा, एफ नाइनने टाइमलाइनवर घाला, कंट्रोल बीने कापा. आठवडाभर माउस बाजूला ठेवून एवढ्याच कीवर काम केलंत तर हात इतका वळतो की पुढे माउसला हात लावावासा वाटत नाही.

पहिल्या कच्च्या कटला संगीत लावू नका. गाणं लावलं की कुठलाही कट बरा वाटायला लागतो. आधी नुसत्या दृश्यांतून गोष्ट उभी राहते का ते बघा: सकाळची गल्ली, मारबत बाहेर पडते, गर्दी वाढते, दोन्ही मारबती समोरासमोर येतात, जळतात. मग आवाज पुढे-मागे सरकवा. ढोलाचा आवाज दृश्याच्या एक सेकंद आधी आणला की प्रेक्षक कट व्हायच्या आधीच पुढच्या गल्लीत पोचलेला असतो. याला जे कट म्हणतात. एवढं एक आलं तरी व्हिडिओ घरगुती दिसत नाही.

डीजेपासून मात्र सावध राहा. मिरवणुकीत मागे वाजणारं सिनेमाचं गाणं यूट्यूब आपोआप ओळखतं आणि व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा येतो. म्हणून डीजे लांब असताना ढोल, आरोळ्या, गर्दीचा गलका असा दोन-दोन मिनिटांचा स्वच्छ आवाज वेगळा टिपून ठेवा आणि तोच खाली पसरा.

रंगाच्या पानावर नोड (बदलांचे एकेक टप्पे) साखळीने लावा. पहिल्यात उजेड आणि व्हाइट बॅलन्स, दुसऱ्यात कॉन्ट्रास्ट, तिसऱ्यात त्वचा. लॉगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या फिक्या-सपाट रंगात, शूट केलं असेल तर रेक 709 या नेहमीच्या व्हिडिओ रंगात आणणारा नोड किंवा लट (LUT, रंग बदलणारा तयार तक्ता) सगळ्यात शेवटी ठेवा आणि उजेडाची दुरुस्ती त्याच्या आधी करा. लटच्या नंतर दुरुस्ती केली तर जळालेलं परत मिळत नाही. शेजारशेजारचे शॉट जुळवताना डोळ्यांवर भिस्त ठेवू नका, पॅरेड स्कोप (लाल, हिरवा, निळा यांचा शेजारशेजार आलेख) बघा. डोळा दोन मिनिटांत कुठल्याही रंगाला सरावतो. काळ्या मारबतीचा काळा रंग सगळ्या शॉटमध्ये स्कोपच्या तळाशी सारखाच बसला पाहिजे.

मंगलाष्टकं आणि आवाज

लग्नाच्या व्हिडिओत हेच तंत्र चालतं, फक्त आवाजाची शिस्त जास्त लागते. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून रेकॉर्डरला वायर घ्या. ते नाहीच जमलं तर छोटा रेकॉर्डर भटजींच्या माइकजवळ ठेवा. रिझॉल्व्हमध्ये कॅमेऱ्याचा आणि रेकॉर्डरचा आवाज वेव्हफॉर्मवरून आपोआप जुळवता येतो. मंगलाष्टकांचा आवाज सलग ठेवा, मध्ये कापू नका. चित्र हवं तेवढं कापा: अंतरपाट, आईचे डोळे, मुठीतल्या अक्षता. ‘शुभमंगल सावधान’ मात्र ज्या क्षणी ऐकू येतं त्याच क्षणी अक्षता उडाल्या पाहिजेत, एवढी एकच जागा नेमकी साधायची. बोलण्याचा आवाज उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान ठेवा आणि त्याखालचं संगीत इतकं हलकं की ते बंद केल्यावरच होतं असं कळावं.

हाती देताना

यूट्यूबसाठी एच 264 मध्ये 1080पी असेल तर 8 एमबीपीएस आणि 4के असेल तर 35 ते 45 हे यूट्यूबनेच सुचवलेले आकडे आहेत. थोडं चढं दिलं तरी बिघडत नाही. रीलला 1080 बाय 1920, वरची आणि खालची पट्टी मोकळी ठेवा, तिथे नावं आणि बटणं येतात. इन्स्टाग्रामच्या उभ्या फोटोला 1080 बाय 1350. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा पाठवला की तो दाबला जातो आणि पार्टी म्हणते ‘क्लिअर नाही आला’. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मूळ फाइली तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक प्रत दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. लाइटरूम बंद होताना कॅटलॉगचा बॅकअप विचारतं, त्याला रोज ‘नंतर’ म्हणू नका. रॉ फाइली किती महिने सांभाळणार, अल्बममध्ये किती वेळा दुरुस्ती करून देणार, आणि दुरुस्तीत काय मोडतं काय नाही, हे अ‍ॅडव्हान्स घेतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. मी दोन दुरुस्त्या धरतो, तिसऱ्यापासून शीटमागे पैसे. पानावरचा फोटो बदलणं ही दुरुस्ती. निवडून दिलेले सगळेच फोटो बदलून मागितले तर ते नवं काम, त्याचा दर वेगळा.